खोक्यातला फणसोंबा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मी बुरशीवर बोलणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "म्हणजे गच्चीच्या गळतीवर का?" तर नाही. आपल्या पार्किंगच्या जागी फणस होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. त्याच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखा, तपकिरी, टणक फणसोंबा धरला होता. तीही बुरशीच. लहान मुलाची लाळ फार गळायला लागली की आमची आजी तो सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची.

फणस तोडला त्या दिवशी मी एक फणसोंबा उचलून बुटांच्या खोक्यात ठेवला. ठरावाच्या बाजूने माझाही हात वर होता, हे इथे सांगायला हवं.

पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९४६ साली सुरू केलेली संशोधन संस्था आहे. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तिथे कवकतज्ज्ञ आजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे. असा नमुना जपायचा तर सोबत चिठ्ठी लागते: कुठे मिळाला, कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला, कुणी गोळा केला. नाव तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतील. पण ही माहिती नंतर कुणालाच तयार करता येत नाही.

माझ्या खोक्यात चिठ्ठीच नव्हती. गाव पेण, झाड फणस, एवढं ठाऊक. तारीख? घरात दोघांची दोन मतं. शेवटी सेक्रेटरींनी जुन्या फायली काढल्या. झाडतोडीच्या मजुरीचं व्हाउचर सापडलं, त्यावर तारीख! पंचवीस वर्षं आपण ज्या कागदांना कंटाळलो, त्यांनीच माझा नमुना वाचवला.

आता मुलांसाठी. पावसाळ्यात अळंबं दिसलं की आधी जागेवरच फोटो काढा. मग सुरीने बुडासकट सोडवा, कारण ओळखीच्या खुणा बुडाशीही असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतं, कागदात गुंडाळा. रंग आणि वास तिथेच लिहा, वाळल्यावर दोन्ही बदलतात. छत्री असेल तर रात्रभर कागदावर पालथी ठेवा. सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. पेणच्या पावसात ऊन कुठलं? चाळीस ते पन्नास अंशांच्या कोरड्या उबेत वाळवा, आणि चिठ्ठी त्याच दिवशी लिहा. चव मात्र घेऊ नका. विषारी अळंबी दिसायला चांगल्या अळंबीसारखी असू शकते. कर्नाळा अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही.

गेटजवळचा आंबाही आता वाळत चाललाय. त्याचा विषय सभेत येईलच. त्याआधी एका रविवारी वही घेऊन त्याच्या खोडावर काय काय आहे ते लिहून काढू. कोण येतंय?