ग्रंथालयातील बालवाचक आणि संगणक



सुवर्णमहोत्सवी निधीतून नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागांना संगणक द्यावेत, असा प्रस्ताव आहे. माझा त्यास मनःपूर्वक पाठिंबा आहे. मात्र त्यासोबत एक शंकाही मांडावयाची आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपणांस बालपणापासून पाठ आहेत. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके जिवापाड जपल्या गेल्या. भाविक दुरून येत, दर्शन घेत आणि परतत. वाचन होत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्याचे काम सुरू झाले, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला तो 1939 साली. ज्यांनी जपले त्यांचे ऋण मोठेच. परंतु कुलूप उघडल्यावाचून तो ग्रंथ आपल्या हाती आला नसता.

हे आज सांगण्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका ग्रंथालयात दानातून मिळालेला संगणक मी पाहिला. दात्याच्या नावाची पट्टी लखलखीत, यंत्रावर प्लास्टिकचे आवरण, त्यावर झेंडूचा वाळलेला हार. ग्रंथपाल म्हणाले, "मुले बिघडवतील, साहेब." त्या गृहस्थांना दोष देववत नाही. दुरुस्ती कोणाच्या खिशातून करावयाची? 1967 च्या अधिनियमानुसार आपल्याकडील बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवितात व शासन वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. 'ड' वर्गास 2012 पासून वर्षाला 30 हजार रुपये मिळत. 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढ झाली. ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल, सारे त्यातच.

सुगत मित्रा यांनी 1999 साली दिल्लीच्या कालकाजी भागात वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसविला, तेव्हा तेथील मुले कोणी न शिकविता परस्परांकडून शिकली. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. अल्मोड्याकडील अशी केंद्रे पुढे बंद पडली, हे मात्र कोणी सांगत नाही.

घरोघरी मोबाईल असताना संगणक कशाला, असेही विचारले जाते. तो मोबाईल बहुधा वडिलांचा असतो आणि सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जातो. 2020 च्या टाळेबंदीत एका फोनभोवती तीन भावंडे बसलेली आपण पाहिली आहेत. शिवाय मराठी विश्वकोशाचे खंड आता संकेतस्थळावर विनामूल्य खुले आहेत. लहान पडद्यावर ते वाचणे कष्टाचे. आणि वाचून झाल्यावर आपल्या शब्दांत चार ओळी मराठीतून टंकित करावयाच्या तर कळफलक हवाच.

म्हणून माझी विनंती अशी की, संगणकांची संख्या निम्मी करावी. उरलेली रक्कम ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून दुरुस्ती, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी व सायंकाळी दोन तास मुलांजवळ बसणाऱ्या एखाद्या महाविद्यालयीन युवक-युवतीचे मानधन भागवावे. दहाऐवजी पाच गावे होतील, हे मला ठाऊक आहे आणि त्याची खंतही आहे. दात्यांच्या नावाची पट्टी भिंतीवर लावावी, यंत्रावर नको. आणि उद्घाटनाचा हार त्याच सायंकाळी उतरवावा.

जय जिनेंद्र.