तरुणांचे म्हणणे तरुणांनी मांडावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या आळीतल्या तरुण मंडळाने संध्याकाळी अभ्यासाला व बैठकीला आपली खोली मागितली आहे. "पोरांना हवे कशाला मंडळ? आपण आहोत की त्यांचे भले बघायला," असे काही भगिनी म्हणाल्या. त्याबद्दल दोन शब्द बोलते.

पूर्वी मताचा अधिकार २१ व्या वर्षी मिळे. १९८९ पासून तो १८ व्या वर्षी मिळू लागला. पण ग्रामपंचायतीला उभे राहायला २१ वर्षे पूर्ण लागतात आणि विधानसभेला २५. म्हणजे कॉलेजातली मुले मत देतात, पण त्यांच्या वयाचे कोणी विधानसभेत बसू शकत नाही. फी, वसतिगृह, एस.टी.ची वेळ, नोकरी, सारे थोरच ठरवतात. एकट्या मुलाचा अर्ज कचेरीत पडून राहतो. त्याखाली पन्नास सह्या असल्या की विचारपूस होते. संघटना हवी ती यासाठी.

हे काही नवे नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, तेव्हा एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. मुलगे आणि मुली एका मैदानावर आणणे त्या काळी सोपे नव्हते, ते दलाने केले. १९६७ साली युवक क्रांती दल निघाले, तेही तरुणांचेच.

मात्र वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरले आणि कर्णा लावला, म्हणजे तरुणांचे हित झाले असे नव्हे. आपल्या आळीच्या मंडळात एकही मुलगी नाही. शाळा सोडून दुकानात राबणारा मुलगाही नाही. मग ते सर्वांच्या वतीने कसे बोलणार?

म्हणून माझी सूचना अशी. खोली द्यावी, पण तीन अटींवर. कार्यकारिणीत मुली असाव्यात, कामावर जाणाऱ्या मुलांना येता येईल अशी बैठकीची वेळ ठेवावी, आणि वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. ठराव कोणते करायचे, ते मात्र त्यांचे त्यांनी ठरवावे.

भगिनींनो, आपल्या सुखदुःखाविषयी घरातले पुरुष बोलत, आणि आपण दाराआड उभ्या राहून ऐकत असू. आमचे आम्हाला बोलू द्या, असे वाटले म्हणूनच आपले हे मंडळ निघाले ना? मग आपल्याच मुलांना ती मुभा नाकारणे आपल्याला शोभणार नाही.