फोर्कची परीक्षा

युनिक्समध्ये ‘फोर्क’ म्हणजे चालू प्रोग्रॅमने स्वतःची हुबेहूब प्रत जन्माला घालणे. मागणी एका ओळीची, पण विंडोजवर युनिक्सचा संसार थाटू पाहणाऱ्या बहुतेकांचा घाम या ओळीने काढला. आजचे व्याख्यान त्या घामाविषयी.

१९९३ साली विंडोज एनटी ३.१ आली तीच मुळी ‘पॉझिक्स’ हे युनिक्सकुळातले मानक पाळत. कारण तांत्रिक कमी, व्यवहारी जास्त: अमेरिकी सरकारी खरेदीत त्या मानकाची अट असे. मायक्रोसॉफ्टने अट शब्दशः पाळली. त्यासाठी एक उपप्रणाली (‘सबसिस्टिम’) केली आणि तीत मानकाचा पहिला भाग तेवढा दिला. नेटवर्कसाठी सॉकेट नाहीत, आणि या उपप्रणालीतल्या प्रोग्रॅमला साधी खिडकीही उघडता येत नसे. निविदेपुरते सोवळे! गंमत अशी की एनटीच्या कर्नेलला फोर्क जमत होते. ते ठाऊक नव्हते विन३२ला, ज्यावर विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम चालत.

सॉफ्टवे सिस्टिम्सने कर्नेलचा हाच पाया घेऊन इंटरिक्स उभे केले. १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, काही वर्षे नांदवले आणि विंडोज ८.१ येईतो बाहेर काढले.

खरा वापर झाला तो बाहेरच्यांच्या खटपटीचा. १९९५मध्ये सिग्नस सोल्यूशन्समधल्या स्टीव्ह चेंबरलेन यांच्या लक्षात आले, की एनटी आणि विंडोज ९५ ऑब्जेक्ट फाइलींसाठी ‘कॉफ’ हा साचा वापरतात, आणि तो जीएनयूच्या साधनांना आधीपासून परिचित आहे. त्यातून सिगविन जन्मले. कर्नेलला हात न लावता युनिक्सची सारी वागणूक एका डीएलएल फाइलीत कोंबलेली. प्रोग्रॅम नव्याने कंपाइल केला की तो तिच्याशी युनिक्सच्या बोलीत बोलू लागे. पण विन३२कडे फोर्क नाही. मग सिगविन नवी प्रोसेस थोपवून ठेवी, आईची स्मृती तिच्यात ओती आणि मगच तिला चालू करी. त्यासाठी प्रत्येक डीएलएल मुलातही आईतल्याच पत्त्यावर बसावी लागे. एखादी सरकली की फोर्क कोसळे, आणि वापरणाऱ्याला ‘रीबेसऑल’ चालवून पत्ते पुन्हा वाटून द्यावे लागत. शेकडो लहान प्रोसेस सोडणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट लिनक्सवर चटकन उरके. सिगविनवर तेवढ्यात चहा पिऊन होई. तरीही लोकांनी ते वापरले, कारण त्यात ग्रेप, बॅश आणि मेक होते.

मार्च २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवर उबुंटूचा बॅश दाखवला. त्यामागे होती ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’. तिची मुळे ‘अ‍ॅस्टोरिया’त होती: अँड्रॉइडची अ‍ॅप विंडोज फोनवर चालवण्याचा तो गुंडाळलेला प्रकल्प. आता कंपाइलचीही गरज उरली नाही. लिनक्सची बायनरी जशीच्या तशी चाले आणि तिच्या सिस्टिम कॉलना विंडोजचा कर्नेल उत्तरे देई. दुभाषा हुशार, पण शब्दसंग्रह अपुरा: डॉकरचे इंजिन त्यावर धड चालेना. असंख्य बारक्या फाइली चाळणारे गिट तर रखडत असे, कारण विंडोजमध्ये फाइल उघडणे हेच मुळात वेळखाऊ काम.

२०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने या सबसिस्टिमची दुसरी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा दुभाष्यालाच रजा मिळाली. हलक्या आभासी यंत्रात खराखुरा लिनक्स कर्नेल बसवला गेला. नावात ‘सबसिस्टिम’ हा १९९३चा शब्द तसाच राहिला, काम मात्र शेजारच्या बिऱ्हाडाचे झाले. फोर्क आता लिनक्सचाच. अडचण भिंतीपलीकडे सरकली: लिनक्समधून सी ड्राइव्हवरच्या फाइली उघडायला गेले की चाल मंदावते. म्हणून प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूलाच ठेवा, असे मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवजच सांगतात.