दांड्याचे पैसे द्या, पण ओहमचा आकडा बघून

(प्रताप नगर, नागपूर येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आमच्याकडे दिलेला विषय कापसाच्या भावाचा नाही, कर्जाचा नाही. घराच्या गच्चीवरच्या दांड्याचा आहे. काही जण हसले, ते आम्ही पाहिले. पण रोहिणी लागल्या की आपल्याकडे ढग गडगडू लागतात आणि वीज अटकाव यंत्र विकणारे, त्याची 'सर्व्हिस' करणारे नेमके त्याच दिवसांत दारात उभे राहतात. आपल्यापैकी अनेकांचे वावर हिंगण्याकडे, काटोलकडे, उमरेडकडे आणि मुलांच्या शिक्षणापायी घेतलेले घर इकडे प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर भागात. या लोकांचा फेरा दोन्हीकडे आहे.

आधी आमची फजिती सांगतो. ज्या घरात आपण बसलो आहोत तेच घर. बांधले तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते, आमचेच घर उंच, म्हणून दांडा बसवला. पुढे दर मे महिन्यात एका कंपनीची दोन पोरे मोटारसायकलवर येत. गच्चीवर जात, दांड्याला फडके मारत, कागदावर 'चार्जिंग ओके' असे लिहीत आणि साडेतीन हजार रुपये घेऊन जात. तीन वर्षे आम्ही बिनबोभाट दिले. चौथ्या वर्षी मागच्या अंगणातली फरशी उखडावी लागली, तेव्हा कळले की दांड्यापासून भिंतीवरून उतरणारी पट्टी जमिनीत जातच नव्हती. आधीची फरशी बसवताना गवंड्याने ती आडवी येते म्हणून कापली आणि टोक सिमेंटमध्ये दाबून टाकले. वर दांडा, खाली काही नाही. त्या तीन पावसाळ्यांत वीज दांड्यावर पडली असती तर उतरली असतीच; फक्त भिंतीतल्या वायरिंगमधून, नाहीतर न्हाणीघराच्या नळातून. घरात लेकरे झोपलेली असत. आजही ते आठवले की पोटात गोळा येतो.

आपण जिनिंगवर कापसाची गाडी नेतो तेव्हा काट्यावरची नजर काढत नाही. क्विंटलमागे किलोभर कटती लावली तर हमरीतुमरीवर येतो. आणि इथे साडेदहा हजार रुपये काटा न बघता दिले! दोष त्या पोरांचा आहेच, पण अंगणात जाऊन 'पट्टी कुठे उतरते ते दाखवा' एवढे आम्ही विचारले नाही, हा दोष आमचा.

दांडा करतो तरी काय? वीज अटकाव हे नावच फसवे आहे. तो वीज अडवत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात सुचवला तेव्हापासून त्याचे काम एकच: घरावर येणारी वीज स्वतःवर घ्यायची आणि घराला शिवू न देता जमिनीत पोचवायची. पाटाच्या पाण्यासारखे समजा. चारी मोकळी असली तर पाणी चारीने जाते, चारी बुजली तर धुरा फोडून जाते. त्यामुळे दांडा, खाली येणारी पट्टी आणि जमिनीतले अर्थिंग हे तिन्ही मिळून यंत्र होते. साध्या दांड्यात सेल नाही, गॅस नाही, तेल नाही. त्याला 'चार्जिंग' लागत नाही, 'रिफिल' लागत नाही. बिलावर हे शब्द दिसले की समजून जा.

बिघाड होतो तो खाली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती कोरडी होऊन सुटते आणि विजेला जमिनीत जायला वाट अरुंद होते. कोळसा-मीठ घालून केलेले जुने अर्थिंग असेल तर तेच मीठ हळूहळू लोखंडी पाइप खाते. तांब्याची पट्टी लोखंडाला नुसती आवळली असेल तर तो जोड गंजतो. अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीवर चालते, मातीत पुरली की सडते. आणि तांबे असेल तर चोर आहेतच. रात्रीतून माणूसभर उंचीची पट्टी कापून नेतात आणि घरमालकाला पत्ता नसतो. यातले निम्मे आपल्याला डोळ्यांनी दिसते. पावसाळ्याआधी एकदा गच्चीपासून खड्ड्यापर्यंत पट्टीवरून नजर फिरवा, क्लिपा ढिल्या झाल्या का पाहा, उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा. याला कोणाची फी नाही.

जे डोळ्यांनी दिसत नाही ते मोजावे लागते. भारतीय मानक आय.एस. २३०९, सन १९८९ चे, त्यात विजेसाठीच्या संपूर्ण अर्थिंगचा रोध १० ओहमच्या वर नसावा असे होते आणि तपासणी वर्षाच्या अंतराने करण्याची शिफारस होती. आताचे मानक आय.एस./आय.ई.सी. ६२३०५. त्यात साध्या घराच्या दर्जाला दोन वर्षांनी डोळ्यांनी पाहणी आणि चार वर्षांनी संपूर्ण तपासणी सांगितली आहे. म्हणजे दर तीन महिन्यांची 'कंपल्सरी सर्व्हिस' कुठल्याच पुस्तकात नाही. आमचे मत विचाराल तर आपल्या काळ्या मातीत वर्षाला एकदा, मे महिन्यात मोजावे. पावसात ओल्या मातीवर मोजलेला आकडा गोड येतो, खरा उन्हाळ्यातला.

मोजण्याची रीतही पाहून घ्या. माणूस आधी भिंतीवरचा टेस्टचा जोड उघडून पट्टी अर्थिंगपासून वेगळी करतो. मग दूर अंतरावर दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकतो, तीन वायरी अर्थ टेस्टरला लावतो आणि आकडा वाचतो. खुंट्या ठोकल्या नाहीत, खिशातला टेस्टर लावून 'सब ठीक है' म्हटले, तर ती तपासणी नव्हे. काम झाल्यावर उघडलेला जोड पुन्हा आवळला की नाही, हेही बघा. तो उघडा राहिला तर आमच्या फरशीसारखीच गत.

एक महागडी फसवणूक वेगळी सांगतो. 'आमचा खास दांडा शंभर मीटरवरची वीज आधीच पकडतो, एकात सगळा मोहल्ला सुरक्षित' असे सांगून ई.एस.ई. नावाचा दांडा विकतात. फ्रान्सचे एक मानक त्याला मानते, आय.ई.सी. ६२३०५ मानत नाही. साध्या घरासाठी जुना आडाखा ४५ अंशांच्या कोनाचा: दांड्याचे टोक जमिनीपासून १० मीटरवर, तर जमिनीवर आसरा सुमारे १० मीटरचा. शंभर मीटरचा दावा करणाऱ्याने तो लिहून द्यावा आणि खाली सही करावी. आमच्याकडे आलेला विक्रेता सही म्हटल्यावर चहा अर्धा टाकून गेला. तसेच 'मेंटेनन्स फ्री' म्हणून केमिकल अर्थिंग विकायचे आणि पुढच्या वर्षी त्याच्याच मेंटेनन्सचे बिल पाठवायचे. दोन्ही खरे कसे?

महावितरणचा माणूस म्हणून कोणी दांड्याची फी मागितली तर ओळखपत्र आणि लेखी आदेश मागा. पक्के बिल घ्या. त्यावर जी.एस.टी. क्रमांक, ठेकेदाराचा लायसन क्रमांक, मोजलेला आकडा, तारीख हे सगळे हवे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आमच्याजवळ पक्की बिले नव्हती, 'चार्जिंग ओके'च्या चिठ्ठ्या होत्या. आम्ही काय सिद्ध करणार?

मायबहिणींनी एक विचारले होते, दांडा असला म्हणजे टी.व्ही., फ्रिज वाचतो का? नाही. तारांवरून येणारा झटका वेगळा, त्यासाठी मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर लागतो. नसेल तर गडगडाट सुरू होण्याआधी प्लग काढायचे. आणि वीज कडाडत असताना पट्टीच्या जवळ कपडे वाळत घालायला जायचे नाही.

वावरातल्या माणसाला मात्र घरावरचा दांडा काहीच कामाचा नाही. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, त्यात शेतात काम करणारी फार. झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या घरात नाहीतर बंद जीपमध्ये जा. पुण्याच्या आय.आय.टी.एम. संस्थेचे 'दामिनी' ॲप फुकट आहे, पोरांकडून फोनमध्ये घालून घ्या.

आता जेवण तयार आहे. अर्थ टेस्टर मागवून ठेवला आहे. ढग आले नाहीत तर जेवणानंतर मागच्या अंगणात याच घराचा जोड उघडून मोजू. गेल्या मेमध्ये ७ ओहम आला होता. तो आकडा आणि तारीख ऑइलपेंटने भिंतीवर लिहिली आहे. खुंट्या ठोकायला दोन तरण्या पोरांनी पुढे यावे.