डावखुऱ्यांसाठी सुतारकामाचं बाकडं

सुतारकामाच्या बाकड्याला लाकूड पकडणारी वाइस बहुधा समोरच्या कडेला, डाव्या टोकाशी असते. उजव्या हाताचा माणूस रंधा उजवीकडून डावीकडे ढकलतो, म्हणून फळी अडवणारा ठोकळाही डावीकडेच. डावखुऱ्याचा रंधा मात्र उलट्या दिशेनं जातो आणि डावखुरा माणूस अशा बाकड्यापाशी कायम अवघडतो.

बाकडं नुसतं फिरवून भागत नाही. समोरची वाइस पलीकडच्या कडेला जाते, एवढंच. वाइस आणि ठोकळा, दोन्ही उजव्या टोकाला न्यायला हवेत. लोखंडी वाइस बाकड्याच्या फळीखाली बोल्टनं आवळलेली असते. नवी भोकं पाडण्याआधी खाली वाकून बघा, पाय किंवा आडवी दांडी तिच्या स्क्रूच्या वाटेत येत नाही ना? जबड्याची वरची कड फळीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा. रंध्याचं पातं लोखंडावर घासलं, की धार गेलीच. जबड्यांना आतून लाकडी पट्ट्या लावा.

उजेड उजवीकडून येईल असं बाकडं मांडा, म्हणजे हाताची सावली आखणीवर पडणार नाही. साधी करवत आणि साधा रंधा दोन्ही हातांना चालतो, वेगळा घेऊ नका.

सुतारकाम शिकवणाऱ्यांना एक विनंती: कार्यशाळेतल्या निदान एका बाकड्याची वाइस उजवीकडे बसवा.