निविदेला आव्हान, सुरक्षेची कसोटी



२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक ठप्प झाले. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सारा व्यवहार कागद-पेनावर आला आणि पुढचे जवळजवळ दोन आठवडे तसाच चालला. त्याआधी २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यात घातक संगणकप्रणाली शिरल्याचे अणुऊर्जा महामंडळाला मान्य करावे लागले होते. अशा घटना घडल्या की चर्चा होते ती शत्रूची. तो कोणत्या देशातला, त्याचा हेतू काय, याचे तर्क महिनोन्महिने चालतात. पहाऱ्यावर कोणाला आणि कोणत्या निकषावर उभे केले होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर निविदेच्या रुक्ष कागदात दडलेले असते. ती निविदा चुकीच्या हाती गेली असे वाटले, तर दाद कोठे मागायची, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रस्त्याच्या कंत्राटात डांबराचा थर पट्टीने मोजता येतो. पहिल्या पावसात तो वाहून गेला तर गावभर बोभाटा होतो. सायबर सुरक्षेत तसे नसते. येथे उत्तम काम म्हणजे काहीच न घडणे, आणि निकृष्ट काम केले तरी बरेच दिवस काहीच न घडणे शक्य असते! त्यामुळे निवडीच्या वेळी तज्ज्ञ समितीने दिलेले तांत्रिक गुण हेच जवळपास एकमेव माप उरते. गुण म्हटले की मतभेद आले, आणि क्वचित त्यामागे हेतूही आले. उलाढालीची अट इतकी उंच ठेवायची की पुण्या-नागपूरच्या होतकरू उद्योजकाला उंबरठाच ओलांडता येऊ नये, अनुभवाची अट अशी लिहायची की ती एकाच कंपनीच्या अंगावर बेतलेली दिसावी, या युक्त्या सरकारी खरेदीत जुन्याच आहेत. देशी सायबर सुरक्षा उत्पादनांना प्राधान्य देण्याचा आदेश केंद्राने २०१८ मध्ये काढला. परंतु निविदेच्या अटीच विपरीत असतील, तर आदेश फाइलीत आणि देशी उद्योजक दाराबाहेर, असे व्हायला वेळ लागत नाही.

या बाबतीत अमेरिकेची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथील गृहसुरक्षा विभागाने २०१५ मध्ये नागरी सरकारी खात्यांच्या संगणकजाळ्यांचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेचे काम रेथिऑन कंपनीला देण्याचे ठरविले. रक्कम सुमारे एक अब्ज डॉलर! प्रतिस्पर्धी नॉरथ्रॉप ग्रुमन कंपनीने या निवडीस हरकत घेतली. विभागाने प्रस्तावांचे मूल्यमापन पुन्हा केले आणि २०१७ मध्ये पुन्हा रेथिऑनचीच निवड झाली. पुन्हा हरकत आली. ती मात्र फेटाळली गेली. दोन वर्षांच्या या खटाटोपानंतर निकाल होता तोच राहिला. मग मिळविले काय, असे कोणी विचारील. मिळविले ते हे, की ज्या कंपनीच्या हाती देशाच्या कुलपांच्या किल्ल्या द्यायच्या, तिची निवड दोनदा तपासली गेली आणि हरलेल्यालाही कारणे कळली. अर्थात, शत्रू दोन वर्षे थांबत नाही, हेही तितकेच खरे.

ही हरकत ऐकते ती तेथील संसदेच्या अखत्यारीतील लेखातपासणी संस्था. १९८४ च्या कायद्यान्वये तिला शंभर दिवसांत निर्णय द्यावा लागतो. हरकत ठरावीक मुदतीत, म्हणजे साधारणतः कंत्राट दिल्यापासून दहा दिवसांच्या आत आली, तर काम आपोआप थांबते. मात्र निकड असेल तर कारणे लेखी नोंदवून विभागप्रमुख काम पुढे नेऊ शकतो. संस्थेचा निर्णय ही केवळ शिफारस असते, तरी विभाग ती बहुधा मानतात. अलीकडच्या वर्षांत जवळपास निम्म्या हरकतींत तक्रारदाराच्या पदरात काही ना काही पडले आहे, आणि तेही बहुतेकदा विभागाने स्वतःच चूक दुरुस्त केल्यामुळे.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. जुनी कंपनी कंत्राट गमावते, हरकत घेते, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत अनेकदा तिचेच काम वाढीव मुदतीने चालू राहते. हरण्यातही नफा!

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार निविदाकाराला अटींविषयी आणि निविदा फेटाळल्याविषयी प्रश्न विचारता यावा, अशी सोय निविदापत्रातच ठेवावी लागते. पण उत्तर देणार तेच खाते. त्यानंतर थेट उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. मध्ये पायरीच नाही. २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या सार्वजनिक खरेदी विधेयकात स्वतंत्र तक्रारनिवारणाची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही विरून गेले. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. केंद्राला ते अद्याप जमलेले नाही.

न्यायालयाची भूमिका संयमाची आहे, आणि ती समजण्यासारखीही आहे. मुंबईसह चार महानगरांतील मोबाइल सेवेच्या परवान्यांचा वाद १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा न्यायालयाने सांगितले की, आम्ही निर्णयाचे अपील ऐकत नाही, निर्णय ज्या रीतीने झाला ती रीत तपासतो. नागपूर मेट्रोच्या प्रकरणात २०१६ मध्ये निर्वाळा मिळाला की, निविदेचा अर्थ ती लिहिणाराच अधिक जाणतो. झारखंडमधील एका रस्त्याच्या प्रकरणात २०२२ मध्ये तर न्यायालयाने बजावले की, कामाला स्थगिती देण्याऐवजी अन्याय झालेल्याला नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा. रस्त्यापुरते हे ठीक आहे. पण ज्याच्या हाती सरकारी संगणकजाळ्याचा नकाशा आहे, तो पहारेकरीच चुकीचा निवडला गेला असेल, तर भरपाई कोणाला आणि कशाची द्यायची?

याच ठिकाणी गोपनीयतेचा मुद्दा पुढे येतो. प्रतिस्पर्ध्याचा तांत्रिक प्रस्ताव पाहिल्याशिवाय हरलेल्याला पक्षपात सिद्ध करता येत नाही, आणि तो प्रस्ताव उघड करणे म्हणजे तटबंदीतील फटी दाखविणे. अमेरिकेत त्यावर तोड काढली आहे. कागद पाहायचे ते बाहेरच्या वकिलांनी, तेही गोपनीयतेच्या आदेशाने बांधले जाऊन. कंपनीच्या मालकालाही ते दाखवायचे नाहीत. आपल्याकडे बंद लिफाफा न्यायाधीशांकडे जातो आणि समोरच्याला त्यात काय आहे ते कळत नाही. एका दूरचित्रवाहिनीच्या परवान्याच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, राष्ट्रीय सुरक्षेचे कारण हवेतून काढता येणार नाही. राष्ट्रीय सुरक्षेची खरी चाड असणाऱ्यांनी या निवाड्याचे स्वागतच करायला हवे. सुरक्षेच्या नावाखाली लपविलेली वशिलेबाजी सुरक्षेला जेवढी पोखरते, तेवढे परकीय घुसखोरालाही साधत नाही.

तोपर्यंत ज्यांना या क्षेत्रात उतरायचे आहे, त्यांनी एवढे तरी करावे. अट अन्यायकारक वाटली तर निविदापूर्व बैठकीतच लेखी विचारावे आणि पोच घ्यावी. आधी निमूटपणे स्पर्धेत उतरायचे आणि हरल्यावर अटीला नावे ठेवायची, हे न्यायालयाला रुचत नाही. विलंब तर मुळीच खपत नाही. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाच्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या हॉटेलचालकाची अट होती. कंत्राट दिले गेले ते या अटीत न बसणाऱ्याला. सरकारी संस्थेला स्वतःच घातलेली अट मोडता येणार नाही, हा आजही आधारभूत मानला जाणारा सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये याच प्रकरणात मांडला. पण अर्जदार पाच महिन्यांहून अधिक उशिरा आला होता, त्याने स्वतः निविदाही भरली नव्हती, आणि कंत्राटदाराने तोवर उपाहारगृहावर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते. कंत्राट रद्द झाले नाही.