इंग्रजी वाक्प्रयोग आणि आपली मराठी



परवा शेजारचा एक पदवीधर तरुण सातपूरच्या एका कारखान्यासाठी लिहिलेला अर्ज दाखवायला आला. त्यात वाक्य होते : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.’ मी ‘सिन्स’ खोडला, तेव्हा त्याने विचारले, “सिन्स म्हणजे ‘पासून’च ना?” या प्रश्नातच आजचा माझा विषय आहे.

आपला ‘पासून’ मोठा उदार. ‘सोमवारपासून’ म्हणा की ‘तीन वर्षांपासून’, तो दोन्हीकडे चालतो. इंग्रजीने मात्र वाटणी केली आहे. आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’, मधला काळ मोजायचा तर ‘फॉर’. शिवाय तेव्हा सुरू झालेले काम आजही चालू असेल, तर ‘आय हॅव बीन वर्किंग’ असे लिहावे.

ही चूक वाचणारा निदान समजून घेतो. ‘अनटिल’चे तसे नाही. समजा, आपल्या एखाद्या द्राक्षबागायतदाराने परदेशी व्यापाऱ्याला कळवले, ‘अनटिल द पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड, वी विल नॉट शिप द ग्रेप्स.’ त्याच्या मनातले वाक्य ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत’ असे आहे. पण तो नकार मराठीच्या ‘जोपर्यंत’ला लागतो. ‘अनटिल’ म्हणजे ‘मिळेपर्यंत’. तेथे ‘नॉट’ घातला की काटेकोर वाचणाऱ्याला अटीचा अर्थ उलटा लागतो. आणि माल तर नाशवंत!

तिसरा प्रयोग पत्राच्या शेवटी येतो : ‘लुक फॉरवर्ड टू’. त्यापुढे पुष्कळजण ‘मीट यू’ लिहितात. येथे ‘टू’ म्हणजे आपला ‘कडे’ समजावा. आपण ‘भेटीकडे डोळे लावून बसतो’, ‘भेटकडे’ नव्हे. म्हणून इंग्रजीतही ‘मीटिंग यू’ हवे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले, ते वाक्यांची भाषांतरे करून घेऊनच. त्यातले मर्म आजही खरे आहे. वाक्प्रयोग सुटा पाठ करू नये, अख्ख्या वाक्यासकट उचलावा, आणि लिहिताना आपल्या मनात कोणते मराठी वाक्य चालले आहे ते तपासावे.

त्या तरुणाला मी एवढेच म्हटले, “बाळ, ही चूक मंदबुद्धीची नव्हे. तुझ्या इंग्रजीत तुझी मराठी बोलते आहे. तिचे वळण ओळख, म्हणजे इंग्रजीचे वळण आपोआप निराळे दिसेल.” अर्ज त्याने पुन्हा स्वतःच लिहून काढला. या खेपेस मला काही खोडावे लागले नाही.